नकाराची किंमत

नववी-दहावीच्या कुठल्याही वर्गात जा आणि तंबाखूनं काय होतं ते विचारा. ‘कॅन्सर!’ असं उत्तर सगळा वर्ग एका सुरात देईल. पुडीवरचं सडलेल्या तोंडाचं चित्र या मुलांनी शेकडो वेळा पाहिलेलं असतं. थिएटरात सिनेमाच्या आधी लागणारी ती जाहिरात तर आवाजाच्या नकलेसकट पाठ असते. व्यसनमुक्तीवरचा निबंध येतो, शपथ येते, पोस्टर स्पर्धेचं बक्षीसही एखाद्याच्या घरी शोकेसमध्ये असतं. आणि त्याच वर्गात दोघा-तिघांच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात माव्याची पुडीही असू शकते.

शाळकरी मुलांच्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी २०१९ साली झाली. १३ ते १५ वयोगटातली ८.५ टक्के मुलं त्या काळात कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. आधीच्या पाहण्यांच्या मानानं हा आकडा बराच खाली आलेला आहे, ही समाधानाची बाब. पण त्याच पाहणीतली दुसरी नोंद झोप उडवणारी आहे. तोंडात धरायची किंवा चघळायची तंबाखू ज्यांनी वापरली होती, त्यांच्यातल्या निम्म्या मुलांनी ती वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत चाखली होती. म्हणजे आपण आठवीत व्याख्यान ठेवतो, तोवर पहिला घास कधीच पोटात गेलेला असतो.

‘पोरांना कळत नाही’ हे आपलं ठरलेलं उत्तर इथं उपयोगी पडत नाही. त्यांना कळतं. मात्र पुडी पुढे आल्यावर ती ज्याचा हिशेब करतात, तो हिशेब आपल्या व्याख्यानात कुठेच नसतो.

मैदानाच्या कडेला

समजा, विदर्भातलं एक तालुक्याचं गाव आहे. क्रिकेटची मॅच संपलीय, अंधार पडायला आलाय. पोरं मैदानाच्या कडेच्या टपरीवर थांबली आहेत. टपरीवाला पन्नीत सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना टाकतो आणि खर्रा घोटतो. पुडी एकाची, पण खाणार सगळे. चिमूट-चिमूट करत ती चौदा वर्षांच्या एका मुलापाशी येते. तो या टोळक्यात नवा आहे, आजच पहिल्यांदा त्याला ओपनिंगला पाठवलं होतं. तो घुटमळतो. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘राहू दे ना बे त्याले, मम्मीले इचारून येईन तो!’’ सगळे हसतात.

आता या मुलाच्या डोक्यातलं गणित पाहा. ‘हो’ म्हणण्याची किंमत त्याला माहीत आहे, पण ती भरायची आहे वयाच्या चाळिशीत किंवा पन्नाशीत. ती सगळ्यांनाच भरावी लागेल असंही नाही. समोरचा टपरीवाला स्वतः वीस वर्षं खातोय आणि ठणठणीत दिसतोय. ‘नाही’ म्हणण्याची किंमत मात्र इथंच, आत्ता, रोख मोजायची आहे. आज हसं होणार, उद्या टोपणनाव पडणार आणि परवा कदाचित मॅचला बोलावणंच येणार नाही. चौदाव्या वर्षी टोळक्याबाहेर पडणं म्हणजे काय, हे मोठी माणसं सोयीनं विसरलेली असतात.

किशोरांना आपण अमर आहोत असं वाटतं, अशी एक समजूत आहे. अमेरिकेतल्या व्हॅलरी रेना आणि फ्रँक फार्ली या संशोधकांनी २००६ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, तेव्हा वेगळंच दिसलं. धोक्याची शक्यता किती, असं विचारलं तर किशोरवयीन मुलं अनेकदा ती प्रत्यक्षापेक्षा जास्तच सांगतात. आणि तरीही धोका पत्करतात, कारण पलीकडे मिळणारा फायदा त्यांना त्याहून मोठा दिसतो. अशा मुलाला आणखी एक भयानक चित्र दाखवून त्याच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. ती रक्कम त्यानं आधीच मांडलेली असते.

बघणारे डोळे

मित्रांचं असणं या हिशेबात किती वजन टाकतं, हे दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला. गाडी पुढे जात राहिली की गुण वाढतात. मध्येच सिग्नल पिवळा होतो. लाल होऊन समोर भिंत उभी राहायच्या आत गाडी थांबवली तर मिळवलेले गुण पदरात, नाहीतर सगळे गेले. खेळणाऱ्यांचे तीन गट होते: १३ ते १६ वर्षांचे, १८ ते २२ वर्षांचे आणि २४ वर्षांच्या पुढचे. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोघे बसवले होते.

एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. सोबती शेजारी आले आणि त्यांनी पत्करलेला धोका जवळपास दुपटीवर गेला. मधल्या गटातही वाढ झाली, पण कमी. मोठ्यांना शेजारी कुणी असण्या-नसण्यानं काहीच फरक पडला नाही.

२०११ मध्ये जेसन चेन आणि स्टाइनबर्ग यांच्या गटानं असाच खेळ मेंदूचा स्कॅन चालू असताना खेळायला लावला. या वेळी मित्र शेजारी नव्हते, दुसऱ्या खोलीतून पाहत होते, आणि ते पाहताहेत एवढंच खेळणाऱ्याला माहीत होतं. तेवढ्यानंही किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाची चाहूल लागताच जागा होणारा भाग जास्त पेटला. कुणी ‘घे घे’ म्हणून आग्रह धरण्याची गरजच नसते, नुसते बघणारे डोळे पुरतात. पुढचं-मागचं पाहून आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. बक्षिसाची ओढ मात्र कुमारवयातच जोरात असते. या मधल्या वर्षांत घरी शहाण्यासारखा बोलणारा मुलगा मैदानावर वेगळाच का वागतो, याचं कोडं यातून बरंचसं सुटतं. तो घरी खोटं बोलत नव्हता, घरी त्याच्या शेजारी ते दोघे बसलेले नव्हते इतकंच.

म्हणून सगळा दोष ‘वाईट संगती’वर टाकायचा का? गंमत अशी की प्रत्येक आईबापांच्या मते बिघडवणारा मुलगा हा नेहमी शेजारच्या घरातला असतो. डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं होतं की मित्र एकमेकांसारखे वागतात त्याला दोन कारणं असतात. ते एकमेकांवर प्रभाव टाकतात, हे एक. आणि मुळात आपल्यासारखेच मित्र ते शोधून काढतात, हे दुसरं. वर्गात मागे पडलेला, घरात रोज बोलणी खाणारा मुलगा अशाच ठिकाणी जाऊन बसतो जिथं त्याला कुणी मार्क विचारत नाही. संगत तोडली तरी तो दुसरी तशीच संगत शोधेल, कारण त्याला तिथं ढकलणारं कारण घरात किंवा वर्गात जागच्या जागीच असतं.

‘सगळेच घेतात’

मैदानावरच्या त्या मुलाचा आणखी एक समज असतो: सगळे घेतात, आपणच उरलोय. हा समज बहुतेक वेळा खोटा असतो. जो घेतो तो दिसतो, त्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, त्याचा रील फिरतो. जो घेत नाही त्याची कसली गोष्ट होणार? वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. आपले सोबती दारूच्या बाबतीत किती मोकळे आहेत, याचा अंदाज विद्यार्थी वस्तुस्थितीपेक्षा कितीतरी फुगवून करत होते. मनातून संकोचणारे पुष्कळ होते, पण प्रत्येकाला वाटत होतं की संकोचणारा मी एकटाच. सिनेमाचाही यात हात आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दहा ते चौदा वर्षांच्या, कधीच सिगारेट न ओढलेल्या मुलांचा पाठपुरावा केला होता. ज्यांनी पडद्यावर सर्वांत जास्त धूम्रपान पाहिलं होतं, त्यांच्यात सिगारेट ओढून पाहणारे कितीतरी जास्त निघाले.

खरा धक्का बसतो तो यापुढे. अमेरिकी सरकारनं १९९८ ते २००४ या काळात किशोरांसाठी अमली पदार्थविरोधी जाहिरातींवर सुमारे एक अब्ज डॉलर ओतले. टीव्हीवर, रेडिओवर, मासिकांत जाहिरातींचा नुसता पूर आला. नंतर तपासणी झाली. गांजा ओढणाऱ्यांचं प्रमाण या मोहिमेमुळे कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. उलट, जाहिराती जास्त पाहिलेल्या काही मुलांमध्ये पुढे गांज्याकडे कल वाढल्याच्या खुणा दिसल्या. याचं एक संभाव्य स्पष्टीकरण असं: जाहिरात वरवर सांगत होती ‘घेऊ नका’, पण इतक्या वेळा सांगत होती की पोरांनी त्यातून दुसराच अर्थ काढला. इतकं ओरडताहेत म्हणजे सगळेच घेत असणार!

१९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ या कार्यक्रमाची गतही अशीच झाली. गणवेशातला पोलिस वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगायचा आणि नाही कसं म्हणायचं ते शिकवायचा. पालक खूश, शाळा खूश, पोलिसही खूश. पण वर्षानुवर्षांच्या मोजमापात मुलांच्या वागण्यावर त्याचा नगण्यच परिणाम दिसला, आणि शेवटी अभ्यासक्रमच बदलावा लागला.

आपल्याकडेही व्यसनमुक्ती सप्ताहात ‘आजची तरुणाई व्यसनाच्या विळख्यात’ असं वाक्य भाषणात आल्याशिवाय राहत नाही. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण पाहणीचा आकडा उलटा करून वाचला तर शंभरातली नव्वदहून अधिक मुलं तंबाखू घेत नाहीत. हे वाक्य वर्गात कुणीच म्हणत नाही.

घरातली वाट

आतापर्यंतचा मुलगा मैदानावरचा होता. पण पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कितीतरी मुलींची तंबाखूशी ओळख स्वयंपाकघरात होते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि सकाळी बोटानं हिरड्यांना लावायची. ही मशेरी. आजी लावते, आई लावते, दाढ दुखली की नातीच्याही दाताला लावली जाते. इथं बंड नाही, दोस्तांची चढाओढ नाही. दात घासण्याइतकी ती साधी गोष्ट असते. नाही म्हणायचं असतं हेसुद्धा त्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगायचं तरी कुणाला? आजीला?

मुलग्यांच्या वाट्याला दुसरं काम येतं. ‘‘जा रे, नाक्यावरून एक पुडी घेऊन ये.’’ उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी मुलाची. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे, शाळेच्या शंभर यार्डांत तर विक्रीच करता येत नाही. बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाच्या हाती तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण दुकानदार त्या मुलाला वडिलांच्या नावानं ओळखतो आणि न विचारता पुडी काढून देतो. स्वतःसाठी घ्यायची वेळ येईल तेव्हा त्याला नवीन काहीच करावं लागणार नाही. रस्ता, दुकान आणि भाव तिन्ही पाठ असतील.

सुरुवात कितव्या वर्षी होते याला फार महत्त्व आहे. ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीच्या आधारे दाखवलं की पंधराव्या वर्षाच्या आत दारू प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के होतं. लवकर सुरू करणाऱ्यांच्या अडचणी आधीपासूनच जास्त असतात, हे खरं. तरीही पहिला घोट चार-पाच वर्षं पुढे ढकलता आला, तर तेवढ्यात मेंदूचा आवर घालणारा भाग पक्का व्हायला अवधी मिळतो.

मग मुलावर पाळत ठेवायची का? दप्तर तपासायचं, फोन बघायचा? स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुलांचं बाहेर काय चाललंय याची ज्यांना नीट माहिती होती, त्या घरांतली मुलं वाईट मार्गाला कमी लागली होती. पण ही माहिती पालकांनी चौकश्या करून किंवा नियम लादून मिळवली नव्हती. मुलं आपणहून घरी सांगत होती. ज्या घरात पहिल्या चुकीला पट्टा निघतो, तिथं दुसरी चूक कळण्याची सोयच उरत नाही.

जिथं निवडीला वावच नसतो

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’नं केलेली अमली पदार्थांची राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एकच नशा अशी आढळली की जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे: हुंगायचे पदार्थ. मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के. पंक्चर काढायचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर. स्वस्त, कुठल्याही स्टेशनरीच्या किंवा सायकलच्या दुकानात मिळणारे. रेल्वे फलाटावर राहणारं पोर रुमालावर सोल्यूशन ओतून हुंगतं तेव्हा त्याची कारणं सरळ असतात: भूक मरते, थंडी वाजत नाही, मार लागलेला दुखत नाही, झोप येते. त्याला ‘भविष्याचा विचार कर’ असं सांगणारा माणूस दोन वेळच्या जेवणाची सोय करणार नसेल, तर त्यानं गप्प बसलेलं बरं.

सुखवस्तू घरांतही अशी दुखणी असतात, फक्त ती झाकलेली असतात. अमेरिकेत १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि सहकाऱ्यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईवर होणारा हिंसाचार, असं काय काय वाट्याला आलं? चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी सोसले होते, त्यांच्यात दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट होता. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असंही दिसतं की कोवळ्या वयात नशेला हात लावण्यामागे घर आणि भोवताल यांचा वाटा मोठा असतो. आनुवंशिकतेचा जोर वय वाढेल तसा वाढत जातो. ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तेराव्या-चौदाव्या वर्षी अजून बरंच काही आपल्या हातात असतं.

किंमत कमी कशी होते

आइसलँडनं नेमकं हेच हातात घेतलं. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिनाभरात कधी तरी दारूनं झिंगली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्क्यांवर आले. मधल्या काळात व्याख्यानांवर भर नव्हता. मुलांना रात्री बाहेर राहायची वेळ कायद्यानं ठरवली: १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकट्यानं बाहेर राहायचं नाही. विक्रीच्या वयाचा नियम कडक झाला, तंबाखू-दारूच्या जाहिरातींवर बंदी आली. शाळाशाळांतल्या पालकांनी एकत्र बसून समान नियम ठरवले, त्यामुळे ‘बाकीच्यांच्या घरी चालतं’ हे हत्यार पोरांच्या हातून गेलं. आणि खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांना सरकारी पैसा मिळाला. रेक्याविकमध्ये तर फी भरायला प्रत्येक मुलामागे अनुदान सुरू झालं. दरवर्षी मुलांची पाहणी करून गावोगावी आकडे पोचवले गेले. देश जेमतेम चार लाखांचा आहे, त्यांची नक्कल जशीच्या तशी इथं उतरणार नाही. पण त्यांनी मुलाच्या नकाराची किंमत उतरवली, हे उघड आहे. सगळेच दहाला घरी जाणार असतील तर लवकर उठून जाणाऱ्याला कोण हसणार?

फ्लोरिडात १९९८ मध्ये आणि २००० पासून अमेरिकाभर चाललेल्या ‘ट्रुथ’ मोहिमेनं वेगळी युक्ती केली. किशोरांच्या बंडखोरीशी भांडण्याऐवजी तिचा रोख सिगारेट कंपन्यांकडे वळवला: हे लोक तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून कसं हेरतात, ते बघा. न ओढणं हेच बंड ठरलं. १९९९ ते २००२ दरम्यान तरुणांमधलं धूम्रपान जेवढं घटलं, त्यातला सुमारे २२ टक्के वाटा एका अभ्यासानं या मोहिमेला दिला. मोठे नट वेलची आणि पानमसाल्याच्या जाहिरातीत मिरवतात आणि त्याच नावाची तंबाखू शेजारच्या पुडीत विकली जाते. आपल्या आठवी-नववीच्या वर्गाला हा धंदा उकलून दाखवावा, पोरं चिडतील. ते चिडणं फार कामाचं आहे.

घरात करता येण्यासारख्या गोष्टी याहून साध्या आहेत. पुडी आणायला मुलाला पाठवायचं नाही, हे आज रात्रीपासून जमतं. दुसरं, त्याला एक तयार सबब द्यावी. ‘‘पप्पा रोज तोंडाचा वास घेतात, मला नको’’ असं सांगून मुलगा चेहरा राखून सुटतो. आईबापांना थोडं खलनायक व्हावं लागलं तर बिघडत नाही. तिसरं, कुठूनही, कितीही वाजता फोन आला तर घ्यायला येऊ आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही, हे वचन द्यावं आणि पाळावं. चौथं, घेतल्याचं कळलंच, तर आधी ऐकून घ्यावं आणि मग मदत शोधावी. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करत आलंय, आणि १४४४६ ही सरकारी मदतवाहिनीही आहे. एकदा चाखणारा प्रत्येक जण व्यसनी होत नसतो, पण घराचं दार बंद झालेला मुलगा टपरीवर जास्त वेळ थांबतो.

आणि शाळांनी? पुढच्या व्यसनमुक्ती सप्ताहाची बैठक बसेल तेव्हा वक्ता कोण हे ठरवण्याआधी एक साधी चौकशी करावी: संध्याकाळी पाचनंतर मैदानाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते, आणि ते पोरांना उघडून मिळतं का?